गाडी भरायच्या आधी तिचं ऑपरेशन उरकायचं, हे ठरवतं कोण?

बालाघाटची_आशा

नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात मी गेली १४ वर्षं आशा म्हणून काम करते. एक गोष्ट मनातून जात नाहीये म्हणून धागा काढला. कुणाची ओळख पटेल असं काही लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका.

आमच्याकडं दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ती खर्चूनही झालेली असते, आणि ती फेडायला ऊसतोडीला कोल्हापूर, सांगली, सातारा नाहीतर बेळगावकडं जायचं असतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचलही निम्मी. पोरींची लग्नं लवकर का लागतात, याचं निम्मं उत्तर इथंच आहे.

दिवाळी तोंडावर आली होती तेव्हा एक सासू सुनेला घेऊन माझ्या दारात आली. सुनेच्या कडेवर ११ महिन्यांचा मुलगा, पदराला धरून ३ वर्षांची मुलगी. सासू म्हणाली, "ताई, हिचं मूल बंद व्हायचं ऑपरेशन ह्याच आठवड्यात करून द्या. पंधरा दिवसांनी गाडी भरायचीय." पोरीचं वय आधार कार्डावर २२. नवरा बाहेर गाडीवर बसून होता. तो आत आला नाही आणि त्याला कुणी बोलावलंही नाही.

पोराचं वजन करायच्या निमित्तानं तिला आतल्या खोलीत घेतलं. काट्याच्या झोळीत बसवल्याबरोबर पोरानं भोकाड पसरलं, त्या आवाजाच्या आडोशानं ती बोलली. "ताई, एवढ्यात नको वाटतंय. पण फडात दिवस राहिले तर? थोरलीच्या वेळी सातव्या महिन्यात मोळ्या वाहिल्या. ट्रकाच्या फळीवरून चढताना पाय सरकला, डोक्यावर मोळी तशीच."

"नवरा काय म्हणतो?"

"त्यांना कुणी विचारलंच नाही की."

मी ऑपरेशनच्या विरोधात अजिबात नाही. शेकडो बायकांना मी स्वतः सोबत नेलं आहे, आणि दोन लेकरांवर मोकळ्या झालेल्या कितीतरी जणी सुखानं नांदताहेत. पण इथं सासूनं तारीख धरली, उचलीनं घाई केली, आणि ज्या दोघांचा संसार आहे त्यांचं आपसात एक वाक्य झालेलं नाही. मला विचारायचंय ते एवढंच: तुमच्या घरात हे कुणी ठरवलं? कधी? पुरुष मंडळींनी लिहिलं तर फार बरं होईल.

कोपीतली_लेक

ताई, वाचताना गळा दाटला. माझा जन्म निपाणीकडच्या फडावरचा, कोपीत, म्हणजे झोपडीत. आता पुण्यात नर्सिंग करते.

माझ्या आईचं लग्न चौदाव्या वर्षी, एकविसाव्या वर्षी तिसऱ्या बाळंतपणानंतर ऑपरेशन आणि एकोणतिसाव्या वर्षी पिशवी काढली. यातली एकही गोष्ट तिनं ठरवली नाही. पहाटे उठून भाकरी थापायच्या, मग फड. आंघोळीला आडोसा नाही, पाळीत कपडा बदलायला जागा नाही. अंगावरून पांढरं जायला लागलं. काम बुडवलं की खाडा, खाड्याचे पैसे हिशेबातून कापले जायचे. पट्टा पडल्यावर, म्हणजे सीझन संपल्यावर, गावी आली तर एका खासगी दवाखान्यात सांगितलं, पिशवी काढा नाहीतर कॅन्सर होईल. आजी म्हणाली, मुलं झालीत, ऑपरेशन झालंय, आता पिशवीचं काय काम? उचलीतूनच पैसे भरले.

पस्तिशीत आईला अंगातून वाफा निघायला लागल्या, हाडं दुखायला लागली. अंडाशयं पण काढली होती हे मला कॉलेजात गेल्यावर कागद वाचून कळलं. तिला आजही माहीत नाही, मी सांगितलेलं नाही.

आमची आई एकटी नव्हती. २०१९ साली सरकारनं बीड जिल्ह्यात पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. गावाकडच्या बायकांना माझं एकच सांगणं आहे. मूल न होण्यासाठीचं ऑपरेशन वेगळं, त्यात फक्त नळ्या बंद करतात, पाळी येत राहते. पिशवी काढणं हा साफ वेगळा प्रकार आहे. पांढरं जाण्यावर बहुतेक वेळा औषधांनी इलाज होतो.

मोसंबीचा_मळा

मी जालन्याकडचा शेतकरी, वय ७१. आशाताईंचं कळकळीनं लिहिलेलं पटलं, पण गडी माणसाला यात ओढू नये असं माझं मत. ऑपरेशन केलेला माणूस जड कामाला राहत नाही. ऊस तोडायचा म्हणजे खेळ आहे का? त्याचा कोयता थांबला तर घर बसलं.

आणि आमच्या पिढीनं आणीबाणी पाहिली आहे. १९७६ साली मास्तर, तलाठी, ग्रामसेवक सगळ्यांना नसबंदीच्या केसेसचा आकडा दिलेला असायचा. आमच्या गावातली माणसं पोलिसांची गाडी दिसली की ज्वारीत लपायची. बार्शीच्या बाजारातून माणसं उचलून नेली ही बातमी इकडं पोचली आणि दोन महिने आम्ही आठवडी बाजाराला गेलो नाही. माझ्या चुलत्याला त्यांनी नेलं तेव्हा त्याला एकच मुलगी होती. तो शेवटपर्यंत कुणाच्या लग्नात पुढं बसला नाही. तेव्हा नसबंदी म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो, ते उगाच नाही.

खेड्यातला_डॉक्टर

काका, तुमच्या चुलत्यांवर झाला तो अन्यायच होता. त्याच वर्षी आपल्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयकसुद्धा संमत केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरलं नाही. पण त्याआधीची गोष्टही सांगतो. १९७१ साली केरळात एर्नाकुलमच्या शिबिरात एका महिन्यात ६० हजारांवर पुरुषांनी ऑपरेशन करून घेतलं होतं. म्हणजे पुरुष पूर्वी येत होते. सक्ती झाली, सरकार पडलं, खात्याचं नाव बदलून 'कुटुंब कल्याण' झालं आणि सगळा भार बायकांवर सरकला तो सरकलाच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे आणि पुरुषांचं ०.३ टक्के. महाराष्ट्रात बायकांचा आकडा जवळजवळ निम्म्यावर जातो, पुरुषांचा शंभरात एकही भरत नाही.

आता जड कामाचं. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, हे ऑपरेशन स्वतः करतो. बिनटाक्याच्या पद्धतीत जागा बधिर करून एक बारीक छिद्र पाडतात, शुक्रवाहिनी बाहेर घेऊन बांधून कापतात. १०-१५ मिनिटांचं काम, टाका नाही, माणूस चालत घरी जातो. वृषणाला हात लागत नाही, त्यामुळं ताकद, इच्छा, दाढीमिशा सगळं होतं तसंच राहतं. दोन दिवस आराम आणि आठवडाभर जड उचलायचं नाही, बस. बाईच्या ऑपरेशनात पोट उघडावं लागतं, धोका तुलनेनं जास्त, आणि तिनं नेहमीच्या कष्टाला लागायला दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. घरी कुणी जाऊ देत नाही ही गोष्ट निराळी.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवायचं. पुरुषाचं ऑपरेशन झालं की त्याच दिवसापासून निर्धास्त व्हायचं नाही. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं, रिपोर्ट आल्यावरच मोकळं. हे न सांगितल्यानं बायकोला दिवस राहतात आणि मग तिच्यावर संशय घेतला जातो. असं एक घर माझ्या डोळ्यांसमोर मोडता मोडता राहिलं.

त्या पोरीला घाईनं आणू नका, ताई. २०१४ साली छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यातल्या शिबिरांत १३ बायका दगावल्या. तिथल्या एका शिबिरात काही तासांत ८३ ऑपरेशनं केली होती. त्यानंतर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरंच तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

तिला 'एवढ्यात नको' असेल तर साधनं आहेत. तांबी आहे. अंतरा इंजेक्शन आहे, दर तीन महिन्यांनी, दुसरा डोस सीझनमध्ये येईल तेव्हा कार्ड सोबत ठेवून जवळच्या सरकारी दवाखान्यात घ्यायचा. छाया गोळी आहे, तिच्यात हार्मोन नसतात, अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते. सगळं फुकट.

दोन_लेकींची_आई

मध्येच लिहिते, माफ करा. मला दोन मुली. दुसरीच्या वेळी मिस्टरांनी दवाखान्यातच सांगितलं होतं की बास. पण सासरे म्हणाले, वंशाला दिवा नको का? मिस्टर त्यांच्यापुढं कधी बोललेले नाहीत, तेव्हाही गप्प बसले. तिसऱ्या वेळी मला 'बघून घ्या' म्हणून एका ठिकाणी न्यायचं घाटत होतं. मी माहेरी निघून गेले आणि चार महिने तिथंच राहिले.

आमचाही जिल्हा बीडच. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या आमच्याकडं. तो आकडा कुणी वाचला की मला माझ्या दोघी दिसतात.

माझा प्रश्न डॉक्टरांना. ऑपरेशनच्या कागदावर नवऱ्याची सही लागतेच का? मला तसं सांगून परत पाठवलं होतं.

खेड्यातला_डॉक्टर

नाही लागत. तुमचं शरीर, तुमची सही. सरकारी नियमांत जोडीदाराची संमती बंधनकारक नाही. लग्न झालेलं असावं, बाईचं वय २२ ते ४९, निदान एक मूल वर्षाच्या वरचं, एवढ्या मुख्य अटी. गर्भपाताच्या कायद्यातही सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. तरी मी शक्य तिथं दोघांना समोर बसवून बोलतो, कारण घरी गेल्यावर तिला त्याच माणसासोबत राहायचं असतं. पण तो आला नाही म्हणून तिला परत पाठवत नाही.

आणि लिंग तपासणाऱ्याला आणि ती करायला लावणाऱ्यालाही शिक्षा आहे. अशा तपासणीवर देशातला पहिला कायदा आपल्याच राज्यानं १९८८ मध्ये केला. तुम्ही माहेरी गेलात ते फार धीराचं काम केलंत.

आणखी एक, मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घरीच गर्भ पाडू नका. रक्तस्राव थांबत नाही म्हणून रात्री दोनला आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

गावकारभारी

आमच्याकडं कुटुंब नियोजनाचा विषय निघतो तो निवडणुकीच्या वर्षी. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. माणसं जन्माची नोंद पुढंमागं करतात, तिसरं लेकरू भावाच्या नावावर टाकतात. एका घरात तर बाईला सातव्या महिन्यात मामाच्या गावाला ठेवलं आणि नवरा इकडं प्रचारात. कायद्यानं लोक दोनवर थांबले असतील, नाही म्हणत नाही. पण झळ बाईलाच लागली.

ट्रॅक्टरवाला_वाळवा

मोसंबीवाल्या काकांना रामराम. मी सांगली जिल्ह्यातला, ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतो. बीडच्या टोळ्या आमच्याच शिवारात उतरतात. मी स्वतः ऑपरेशन करून घेतलंय, ६ वर्षं झाली. हे पहिल्यांदाच कुठं लिहितोय.

आमच्या धाकट्याच्या वेळी बायकोचं सिझर झालं. मधुमेह निघाला, टाके पिकले, २३ दिवस दवाखान्यात होती. रोज ड्रेसिंगला नेताना ती माझा हात दाबून धरायची, आवाज काढायची नाही. एका दिवशी सिस्टर म्हणाल्या, पुढं मूल नको असेल तर हिचं पोट पुन्हा उघडायची वेळ आणू नका, तुम्हीच करून घ्या. मला वाईट वाटलं ते याचं की हे माझ्या मनात आधी आलंच नव्हतं.

घरी सांगितलं नाही, फक्त बायकोला. तीच घाबरली. म्हणाली, लोक मला नावं ठेवतील, नवऱ्याला कापायला लावलं म्हणून. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. बधिर करायची सुई टोचली तेवढंच कळलं. येताना रस्त्यात थांबून चहा घेतला. आठ दिवस गाडी दुसऱ्याला चालवायला दिली, नवव्या दिवशी भरलेली ट्रॉली घेऊन कारखान्यावर गेलो. काका, जड कामाची शंका मलाही होती. मी आजही ५० किलोचं पोतं एकटा उचलतो.

आईला वर्षानं कळलं. दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी बायकोला म्हणाली, माझ्या वेळेला तुझ्या सासऱ्यांनी एवढं केलं असतं तर माझी दोन गेलेली पोरं पोटात वाढवायला लागली नसती. तोवर आम्हाला माहीतच नव्हतं की आईची दोन गेलीत.

मोसंबीचा_मळा

तुमच्या मातोश्रींचं वाक्य वाचून मोबाइल खाली ठेवला. पोरा, आमचं आयुष्य ऐकीव गोष्टीवर गेलं. तुम्ही स्वतःचा अनुभव लिहिला म्हणून माझा आधीचा शब्द मागं घेतो. चुलत्याचं दुःख मात्र खरंच आहे, ते तसंच राहू द्या.

डॉक्टरांचा_विद्यार्थी

इतिहासात एक भर घालतो. र. धों. कर्वे यांनी मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. प्राध्यापकाची नोकरी गेली, खटले झाले. सरकारचा कार्यक्रम १९५२ चा, म्हणजे ३१ वर्षांनी. बाईला आपल्या शरीराचा निर्णय घेता यावा हे ते तेव्हा मराठीत लिहीत होते.

बालाघाटची_आशा

सगळ्यांचे मनापासून आभार. आता पुढं काय झालं ते सांगते.

डॉक्टर साहेबांचं वाचलं त्याच संध्याकाळी त्या सुनेच्या घरी गेले, मुद्दाम जेवणाच्या वेळेला, नवरा घरात असतो म्हणून. सासूला आधी म्हटलं, मावशी, तुमची काळजी खरी आहे, मी ती मोडायला आले नाही. मग पेटीतून सगळं काढून चटईवर मांडलं: तांबी, अंतराचं कार्ड, छायाचं पाकीट, निरोध. सासऱ्यांनी उठून बाहेर जायला चप्पल घातली. नवराही उठायला लागला तेव्हा म्हटलं, तू बस बाबा, तुझ्याच संसाराचं बोलतोय.

तो बसला. बराच वेळ खाली मान घालून कोयत्याच्या मुठीवरचं फडकं गुंडाळत होता. मग विचारलं, "ताई, गोळीनं हिला चक्कर येणार नाही ना? फळीवर चढावं लागतं." मला त्या एका प्रश्नानं इतकं बरं वाटलं. तांबीला ती घाबरत होती. इंजेक्शननं पाळी मागंपुढं होते, कधी बंद होते, ते ऐकून सासू म्हणाली, आत घाण साठेल. साठत नाही, पण फडावर चार बायका तेच बोलणार आणि ही मध्येच सोडून देणार, म्हणून मीही जोर केला नाही. छाया ठरली. पाळी आलेलीच होती, रविवारी पहिला दिवस. पहिले तीन महिने रविवारी आणि बुधवारी, पुढं फक्त रविवारी. त्यानं पाकिटावर पेनानं 'र' आणि 'बु' लिहून घेतलं. त्याला वाचता येतं, तिला कमी येतं.

निघताना दारापाशी तो हळूच म्हणाला, "ते वाळव्याचे ड्रायव्हर, ते खरं लिहितात का?" मी धागा वाचून दाखवला होता ना. म्हटलं, खरं लिहितात. तो म्हणाला, "पट्टा पडल्यावर बघू. हिलाबी आणखी एखादं हवं वाटलं तर?" मी म्हटलं, बोला तुम्ही दोघं, सहा महिने आहेत.

ट्रॅक्टरवाला_वाळवा

ताई, त्यांची टोळी आमच्या भागात उतरली असेल तर माझा नंबर द्या त्यांना. मी समोर बसून सांगेन.

बालाघाटची_आशा

दिला भाऊ, तुमचा निरोप आल्या आल्याच.

शनिवारी रात्री त्याचा फोन आला. मागं ट्रक चालू असल्याचा आवाज, कुत्री भुंकत होती. "ताई, बुधवारची गोळी राहिली. आज ध्यानात आलं. आता?" म्हटलं, आत्ताच्या आत्ता दे, उद्या रविवारची नेहमीप्रमाणं दे, आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवसांच्या वर गेलं असतं तर परत पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं. डॉक्टर साहेब, बरोबर सांगितलं ना?

तो म्हणाला, "थांबा ताई, हिला पण ऐकू द्या," आणि फोन स्पीकरवर टाकला.